न खोदता अर्थिंग कुठे तुटलं ते कसं शोधायचं (जिनिंगवाल्या भाऊंच्या प्रश्नाला उत्तर)

भाऊ, तुमचा प्रश्न लांब होता म्हणून आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. दर्यापूर-अकोटकडच्या खारपाणपट्ट्यात (पूर्णा नदीकडच्या खाऱ्या मातीच्या भागात) जिनिंग-प्रेसिंग आहे, ११ केव्हीचं कनेक्शन, स्वतःचा ५०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, आणि यार्ड ते प्रेस हॉल असं वीसेक वर्षांपूर्वी ५० बाय ६ मिलिमीटरची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) पट्टी जमिनीत टाकून ग्रिड, म्हणजे अर्थिंगची जाळी, केलेलं. दरवर्षी टेस्टवाला येते, "०.८ ओहम, समाधानकारक" असा रिपोर्ट देऊन जाते. आणि तरी मागच्या सीझनमधे प्रेसच्या मोठ्या मोटरचं वाइंडिंग बॉडीला लागलं तेव्हा बॉडीवर शंभराच्या वर व्होल्ट आले, २५० अँपियरचा एमसीसीबी, म्हणजे मोठा ब्रेकर, पडलाच नाही, शेवटी हाताने बंद करा लागला. पावसाळ्यात पॅनेलच्या दाराला झिणझिण्या येतात ते वेगळंच. आता यार्डात पेव्हर ब्लॉक बसवले आहेत, मालक खोदू द्यायला तयार नाही, तं न खोदता फॉल्ट सापडेल का, आणि कोणी तरी सांगितलेलं ते जमिनीचं रडार आणावं का.

सापडेल. रडार नका आणू. का ते खाली सांगतो, पण आधी ते ०.८ डोक्यातून काढा.

तो आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही, मोजणाऱ्याने बरोबरच मोजला असेल. पण अर्थ मेगर, म्हणजे अर्थिंगचा ओहम मोजायचं यंत्र, काय सांगते, तं ज्या पट्टीला क्लिप लावली तिला जोडलेलं जे काही लोखंड जमिनीत आहे ते मातीला किती चांगलं भिडलेलं आहे, एवढंच. ते लोखंड यार्डाच्या दुसऱ्या टोकापर्यंत सलग आहे का हे त्याला विचारलंच नाही तं ते सांगणार कुठून. आणि तुमच्या पूर्णेच्या पट्ट्यातली माती इतकी खारी की ती कोणालाही पास करते. हिशोब करून पाहा. मातीची रेझिस्टिव्हिटी, म्हणजे माती करंटला किती अडवते तो आकडा, ५ ओहम-मीटर धरा, ओल्या खाऱ्या चिकणमातीत एवढी कमी असणं काही नवल नाही. ३ मीटरचा ४० मिलिमीटरचा एकटा पाइप ठोकला तं तो दीड ओहमच्या आसपास देते. तोच पाइप १०० ओहम-मीटरच्या मुरमात ठोकला तं तीसच्या आसपास देईल. आता तुमचं ग्रिड, समजा ३० बाय २० मीटर, आत अडीचशे मीटर पट्टी. सूत्राने ०.११ ओहम येते. त्यातलं अर्धं ग्रिड तुटून बाजूला पडलं, कामाचं राहिलंच नाही असं धरा, तं उरलेल्या अर्ध्याचा ०.१७ येईल. दोन्ही पास. एका ओहमच्या खाली आहे म्हणून रिपोर्टवर सही. म्हणजे अर्धं अर्थिंग गेलं तरी कागदावर काही दिसत नाही, आणि तुमचा ०.८ तं या हिशोबाने मला पूर्ण ग्रिडचा वाटतच नाही, अर्थिंगच्या एखाद-दोन खड्ड्यांचाच वाटते.

आता एमसीसीबी काहून पडला नाही ते पाहा, सगळी गोम तिथेच आहे. आपला ट्रान्सफॉर्मर आपल्याच आवारात असला की मोटरच्या बॉडीवरचा फॉल्ट करंट परत ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलला जायला पाहिजे, आणि तो धातूच्या रस्त्याने जायला पाहिजे, मातीतून नाही. धातूचा रस्ता सलग असला, पूर्ण लूपचा विरोध ०.०५ ओहम जरी धरला, तं २४० भागिले ०.०५ म्हणजे ४८०० अँपियर, ब्रेकर क्षणात उडेल. आता तीच पट्टी मधे कुठे तुटली. बॉडीकडच्या तुकड्याचं मातीशी १ ओहम, न्यूट्रलकडच्या तुकड्याचं १ ओहम. दोन्ही "उत्तम". करंट किती, तं २४० भागिले २, म्हणजे १२० अँपियर. २५० च्या एमसीसीबीला हा लोडच वाटते, तो कशाला पडेल. आणि तेवढ्या वेळ बॉडीवर १२० व्होल्ट उभे. तुम्ही जे सांगून राहिले ते अगदी हेच चित्र आहे. म्हणून माझा अंदाज असा की प्रेस हॉलकडचं ग्रिड आणि ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलकडचं ग्रिड यांच्यामधलं जमिनीतलं कनेक्शन गेलेलं आहे, किंवा प्रेसच्या मोटरचे रायझरच (जमिनीतून वर येणाऱ्या पट्ट्या) खालून गळालेले आहेत. दोन्हीपैकी कोणतं ते शोधायचं. म्हणजे आपल्याला जमिनीचा ओहम नको, पट्टीची सलगता पाहिजे.

आणखी एक, मीठ-कोळसा. खारपाणपट्ट्यात अर्थपिटमधे मीठ टाकणारे लोक मी पाहिले आहेत. अरे बाबा, तिथे माती आधीच खारी, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, त्यात अजून मीठ टाकून तुम्ही फक्त जस्त लवकर खाऊन राहिले. जीआयचा जस्ताचा थर गेला की मग खालच्या लोखंडाला वेळ लागत नाही. दुसरी गोष्ट, जुन्या जीआय ग्रिडला नंतर कोणी नवीन तांब्याचा रॉड जोडला का ते विचारा. तांबं आणि जस्त-लोखंड एकाच ओल्या मातीत जोडलेलं असलं की तांबं टिकते आणि लोखंड झिजते, सेलच बनतो तो. हॉलच्या कॉलमच्या फाउंडेशनची सळई ग्रिडला जोडलेली असली तरी तसंच, काँक्रीटमधलं लोखंड सुरक्षित राहते आणि मातीतलं लवकर जाते.

आता शोधायचं कसं. यंत्र आणायच्या आधी खडू आणि वही घ्या. जमिनीतून वर येणाऱ्या प्रत्येक पट्टीला, म्हणजे रायझरला, नंबर द्या. ट्रान्सफॉर्मर बॉडीचे दोन, न्यूट्रलचे दोन, लायटनिंग अरेस्टर (आकाशातल्या विजेपासून वाचवणारा), एचटी मीटरिंग क्युबिकल (११ केव्हीच्या मीटरची पेटी), मेन पॅनेल, कपॅसिटर पॅनेल, जिन हॉलचे, प्रेसचे, फेन्सिंगचे, सगळे. एका कागदावर त्यांची जागा आणि आपसातलं अंतर पावलांनी मोजून लिहा. जुनं ड्रॉइंग सापडलं तं सोनंच, पण ते तसंच्या तसं खरं धरू नका, टाकताना मधे दगड लागला की पट्टी वळवलेली असते.

मग प्रत्येक रायझरपाशी एक पेव्हर काढा आणि वीतभर माती बाजूला करा. हे खोदकाम नव्हे, मालकाला सांगा एक ब्लॉक उचलून परत बसवतो. रायझर जिथे हवेतून मातीत जाते, किंवा काँक्रीटमधून मातीत जाते, तिथेच पहिल्या फूटभरात सगळ्यात जास्त गंजते, कारण वर ऑक्सिजन जास्त, खाली कमी, ओल येत-जात राहते. रायझर हा किडक्या दातासारखा असतो, वरून रंग मारलेला चकाचक आणि हिरडीखाली पोकळ. स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहा, हातोडीने हलकं ठोका. माझ्या अनुभवात तुटलेल्या अर्थिंगपैकी बरंचसं इथेच सापडते, मधल्या पट्टीपर्यंत जायची गरजच पडत नाही. रायझर आणि ग्रिडचा वेल्ड हा दुसरा संशयित, खास करून वेल्डवर डांबर-बिटुमेन मारलेलं नसलं तं.

यानंतर क्लॅम्प-ऑन अर्थ टेस्टर. हा आपल्या लोकांचा लाडका, कारण काही खोलायचं नाही, रायझरभोवती जबडा लावला की आकडा. पण याला काय मोजता येते ते समजून घ्या. तो लूप मोजतो. तुमच्या यार्डात रायझर खाली ग्रिडला आणि वर स्ट्रक्चरला, स्ट्रक्चर दुसऱ्या रायझरने परत ग्रिडला, असा धातूचा गोल पूर्ण होतो, म्हणून तो जो ०.०३, ०.०५ दाखवते तो मातीचा ओहम नव्हेच, तो त्या लोखंडी गोलाचा आहे. लोक तो रिपोर्टमधे "अर्थ रेझिस्टन्स" म्हणून लिहून टाकतात, वाचून हसू येते. पण आपल्याला तं लोखंडी गोलच तपासायचा आहे ना! म्हणून इथे तो कामाचा. सगळ्या रायझरला ०.०३ ते ०.०८ येऊन राहिलं आणि एकाला एकदम ४ किंवा ६ ओहम, तं तो रायझर खालून तुटला, उरलेला तुकडा फक्त मातीतून बोलून राहिला. फसगत कुठे होते ते सांगतो. मोटरच्या बॉडीला दोन रायझर असतात, आणि दोन्ही खाली एकाच तुकड्याला जोडलेले आहेत, तो तुकडाच बाकी ग्रिडपासून तुटला. तेव्हा बॉडी, पहिला रायझर, तुकडा, दुसरा रायझर, परत बॉडी, असा छोटा गोल पूर्ण होतो आणि मीटर झकास आकडा दाखवते. म्हणजे क्लॅम्पने वाईट सांगितलं तं बहुतेक खरं, चांगलं सांगितलं तं पुढची टेस्ट करायची. शेतातल्या एकट्या खड्ड्याला, जो कशालाच जोडलेला नाही, हा मीटर चालतच नाही, लूपच नाही तिथे.

मग येते मायक्रो-ओहममीटर, चार वायरवाला, १० अँपियर डीसी सोडणारा. अकोला-अमरावतीला टेस्टिंगवाल्यांकडे भाड्याने मिळून जाईल. न्यूट्रलचा एक रायझर पक्का धरा, तो आपला शून्य नंबर, आणि तिथून प्रत्येक रायझरपर्यंत मोजा. करंटचे दोन क्लिप वेगळे, व्होल्टेजचे दोन वेगळे आणि करंटच्या आतल्या बाजूला, रंग खरवडून, नाही तं तुम्ही गंज मोजून राहाल. अंदाज असा, ५० बाय ६ म्हणजे ३०० चौरस मिलिमीटर, लोखंडाची अशी पट्टी मीटरला साधारण अर्धा मिलिओहम. २० मीटर एकेरी पट्टी १० मिलिओहम. जाळी असली की करंटला चार रस्ते मिळतात म्हणून याच्यापेक्षा कमी यायला पाहिजे. म्हणजे २० मीटरवरच्या रायझरला ४-५ आलं तं ठीक, ९०० मिलिओहम आलं तं तिथे धातू नाही, माती आहे. क्लिप उलट्या करून दुसऱ्यांदा मोजा आणि सरासरी घ्या, कारण ओल्या खाऱ्या मातीत दोन तुकड्यांमधे आपोआप थोडे मिलिव्होल्ट उभे राहतात, ते रीडिंगमधे घुसतात. उलट-सुलटमधे खूप फरक पडला तं तोच इशारा समजा, सलग धातूत असा फरक पडत नाही.

या टेस्टचा शत्रू म्हणजे वरचा रस्ता. केबलची आर्मर, म्हणजे तिच्यावरचं लोखंडी कवच, केबल ट्रे, शेडचं स्ट्रक्चर, पाण्याचा पाइप. खालची पट्टी तुटली असली तरी करंट आर्मरमधून जाते आणि मीटर ठीक दाखवते. शक्य असेल तिथे शटडाउनमधे, तो फीडर पूर्ण बंद करून, आर्मरचं ग्लँडवरचं (केबल पॅनेलमधे शिरते तिथलं) कनेक्शन तात्पुरतं सोडा. जिथे ते शक्य नाही तिथे पुढची टेस्ट.

मोठा करंट सोडून पाहणे. मला एकच टेस्ट करायची परवानगी दिली तं मी हीच करीन. आयईईई या अमेरिकेतल्या इंजिनिअरांच्या संस्थेच्या ८१ नंबरच्या मार्गदर्शिकेच्या २०१२ च्या आवृत्तीत अर्थिंगची सलगता तपासायला अशी टेस्ट दिलेली आहे, आणि त्यासाठीचे तयार सेट कमी व्होल्टेजवर ३०० अँपियरपर्यंत देतात. गावाकडे तो सेट मिळत नाही, तिथे जुन्या पद्धतीचा वेल्डिंग ट्रान्सफॉर्मर चालतो, तो मोठा जड तांब्याचा, इन्व्हर्टरवाली छोटी पेटी नव्हे. त्याचं आउटपुट मेनपासून वेगळं असते आणि टोकं मोकळी असताना ५० ते ८० व्होल्ट असते, म्हणून हातमोजे घालूनच, आणि क्लिप आधी घट्ट लावून मग चालू करायचं. उलटं केलं तं ठिणगीने पट्टी जाळाल. करंट एकदा सोडला की अर्धा-एक मिनिटात रीडिंग घ्यायचं आणि बंद, वेल्डिंग सेट सतत चालवायला बनलेला नाही.

करायचं असं. एक लीड शून्य नंबरला, दुसरी तपासायच्या रायझरला. १०० ते २०० अँपियर चढवायचे. चढले, आणि दोन रायझरमधला व्होल्टेज त्याच अंतरावरच्या बाकीच्या रायझरसारखा आला, तं अर्धं काम झालं. पूर्ण चढवूनही वीस-तीस अँपियरच्या वर जात नाही तं समजा रस्त्यात माती आहे. पण खरा मुद्दा टाँग टेस्टरचा, म्हणजे पट्टीभोवती लावून करंट मोजणाऱ्या चिमट्याचा. क्लिपच्या खाली, जमिनीकडे जाणाऱ्या पट्टीवर टाँग लावा, आणि क्लिपच्या वर, स्ट्रक्चरकडे जाणाऱ्या भागावर लावा. २०० सोडले, खाली १७०-१८० गेले, वर थोडेसे, तं रायझर जिवंत. २०० सोडले, खाली ५ आणि वर १९५, तं रायझर मेलेला आहे, वरच्या लोखंडाने तुम्हाला फसवून ठेवलं होतं. आधीच्या टेस्टमधे जो वरचा रस्ता लपून राहतो तो इथे पकडला जाते. प्रेसच्या मोटरला दोन्ही रायझरवर एकदम टाँग लावून पाहा, एकातून खाली जाऊन दुसऱ्यातून वर येऊन राहिला तं समजा दोघं एकाच तुटलेल्या तुकड्यावर बसले आहेत, तो जो क्लॅम्पने न सापडणारा प्रकार मी वर सांगितला.

व्होल्टेज मोजायच्या वायरी करंटच्या केबलला चिटकून नेऊ नका, दूरून न्या, नाही तं इंडक्शनने काही तरी भलतंच रीडिंग येते. करंट सोडायच्या आधी शून्य करंटवर व्होल्टमीटर काय दाखवते तेही लिहून ठेवा. आणि लोखंडात एसी करंट बाहेरच्या कातडीतूनच जास्त वाहते, म्हणून एसीचा मिलिओहम डीसीपेक्षा बराच जास्त येईल, दोन्ही टेस्टचे आकडे एकमेकांशी जुळवायला बसू नका. एसीची तुलना एसीशीच करा, शेजारी-शेजारी.

एवढ्याने कोणता तुकडा तुटला ते कळलं. नेमका कुठे, हे पेव्हरवरून शोधायचं असेल तं केबल लोकेटर, तोच जो टेलिफोन-पाण्याच्या लाईनवाले वापरतात. त्याचा ट्रान्समीटर तुटलेल्या भागाच्या दोन बाजूच्या रायझरला थेट जोडा आणि रिसीव्हर घेऊन पट्टीच्या अंदाजाने चाला. पट्टीच्या बरोब्बर वर सिग्नल सगळ्यात जास्त, बाजूला गेलं की कमी. वारंवारिता कमी ठेवा. ३३ किलोहर्ट्झवर सिग्नल तुटलेल्या जागेवरून मातीतून उडी मारून पुढे जाते आणि फट दिसतच नाही, ५१२ हर्ट्झसारख्या कमी वारंवारितेवर फट जास्त स्वच्छ दिसते. ५० चे गुणक मात्र टाळा, यार्डात त्यांचा गोंगाट असतो. ट्रान्समीटरची परतीची वायर पट्टीवरून नेऊ नका, यार्डाच्या बाहेरून मोठा वळसा घालून न्या, नाही तं रिसीव्हर त्या वायरचंच गाणं ऐकवते. आणि जाळीत सिग्नल प्रत्येक चौकात वाटला जातो, म्हणून कमी झाला म्हणजे तुटलंच असं नाही. चौकात कमी होणं साहजिक, सरळ पट्टीत मधेच एकदम कमी होणं संशयाचं. रायझरची जोडी बदलून त्याच जागेवर दुसऱ्यांदा चाला, दोन्ही वेळी त्याच दोन फुटांत पडला तं खडूने फुली मारा. प्रेस हॉलच्या आरसीसी फरशीखाली मात्र हे फारसं चालणार नाही, सळईची जाळी सगळा सिग्नल पसरवून टाकते.

रडारचं आता. जीपीआर, म्हणजे हेच जमिनीचं रडार, कोरड्या वाळूत, मुरमात मस्त चालते. तुमच्या काळ्या, ओल्या, खाऱ्या चिकणमातीत त्याची लाट फार खोल जाऊच शकत नाही, मातीच तिला पिऊन टाकते. पट्टी ६०० मिलिमीटर खाली आहे. आणि समजा दिसलीच, तरी रडार पट्टी आहे एवढं सांगेल, तिच्यातला वेल्ड सुटला की नाही ते नाही सांगणार. पैसे वाचवा.

घरचा मेगर वापरून एक सोपी युक्तीही आहे, कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. चार टर्मिनलचा अर्थ टेस्टर घ्या, करंटची एक बाजू शून्य नंबरला, दुसरी दूर वावरात ठोकलेल्या स्पाइकला. नेहमी व्होल्टेजची सळई आपण वावरात ठोकतो, त्याऐवजी व्होल्टेजच्या दोन वायरी आवारातल्याच दोन बॉडींवर लावा, एक ट्रान्सफॉर्मरची, एक प्रेसच्या मोटरची. दोघंही एकाच सलग ग्रिडवर असतील तं त्यांच्यात फरक जवळपास शून्य यायला पाहिजे. फरक येऊन राहिला तं एक बॉडी ग्रिडपासून सुटली आहे. पण इथेही आर्मरचा वरचा रस्ता असला तं झाकून टाकेल, ते लक्षात ठेवा. स्पाइक आवाराच्या कर्णाच्या निदान पाचपट दूर पाहिजे, म्हणजे तुमच्याकडे पावणेदोनशे-दोनशे मीटर. कापूस उपटल्यावर वावर मोकळं असते तेव्हा सोयीचं. स्पाइकपाशी एक माणूस बसवा, शेळ्या-गुरं तिथे यायला नको.

या सगळ्याने काय सापडत नाही तेही सांगून ठेवतो, नाही तं उद्या मलाच विचाराल. तुटलेलं सापडते, झिजलेलं सहजासहजी सापडत नाही. २० मीटरच्या पट्टीत एक मीटरचा भाग ६ चा ३ मिलिमीटर झाला, तं एकूण १० मिलिओहमचे साडेदहा होतील. एवढा फरक क्लिप नीट न लागण्यानेही पडते. म्हणून झिजेचा अंदाज घ्यायचा तं दोन-तीन जागी, रायझरपाशीच, थोडं खाली उतरून पट्टी घासून कॅलिपरने जाडी मोजावीच लागते. पुढच्या वेळी तुलना करायला आजचे आकडे जपून ठेवले तं ग्रिडचं वय कळायला लागेल, आज तुमच्याकडे पहिले आकडेच नाहीत.

वेळ कोणती निवडायची. जिनिंगचा सीझन संपला की मे महिन्यात, पाऊस पडायच्या आत. शटडाउन सोपा, आणि मातीचा ओहम मोजायचाच असेल तं तोही कोरड्या मोसमात कोरड्या दिवशीच मोजायचा असतो, १९५६ च्या जुन्या विद्युत नियमांपासून हे लिहिलेलं आहे. सलगतेला ऋतूचा काही फरक पडत नाही, पण ओहमला पडते. उन्हाळ्यात काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, माती पाइपपासून सुटते, आणि खरा आकडा तोच असतो. टेस्टच्या आदल्या संध्याकाळी खड्ड्यात दोन-दोन बादल्या पाणी ओतायची जी पद्धत सगळीकडे आहे, ती बंद करा. वीज पडताना ओलं अर्थिंग पाहिजे म्हणून कोणी ढगाला थांबा म्हणणार आहे का?

सेफ्टीचं दोन ओळीत, पण मनावर घ्या. चालू ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलची किंवा अरेस्टरची अर्थ पट्टी कधीच खोलायची नाही, "फक्त एक मिनिट" असंही नाही, सुटलेल्या टोकावर किती व्होल्टेज येईल ते कोणी सांगू शकत नाही. आकाशात गडगडाट असला की सगळं गुंडाळून शेडमधे. मीटरिंग क्युबिकलला तुमचं आणि वितरण कंपनीचं अर्थिंग एकमेकांना जोडलेलं असते, तिथे करंट सोडायच्या आधी त्यांच्या लोकांना सांगून, शटडाउन लेखी घेऊन करा. आणि हे सगळं लायसन्सवाल्या सुपरवायझरच्या हातूनच, जिनिंगच्या फिटरच्या हातून नाही, तो कितीही हुशार असला तरी.

गावातल्या डीपीचं (खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरचं) एकाने मधेच विचारलं होतं. तिथे ग्रिड नसते, दोन-तीन वेगवेगळे खड्डे आणि आठ नंबरची जीआय तार. ती तार जमिनीजवळ गंजून किंवा चोरीने तुटते, डोळ्यांनीच दिसते. दिसली तं हात न लावता लाईनमनला कळवा, एवढंच तुमचं काम. आणि भंडारा-गोंदियाकडच्या मुरमाड, खडकाळ जमिनीत गोष्ट उलटी, तिथे पट्टी वर्षानुवर्षं टिकते पण ओहमच खाली येत नाही, त्यांनी चार सळ्यांच्या वेनर पद्धतीने आधी माती मोजावी. ते वेगळं प्रकरण आहे.

फुली मारलेल्या जागी मग तीन बाय तीन फुटाचा एकच खड्डा करा, मालक एवढ्याला नाही म्हणणार नाही. तुटलेल्या टोकांवर नवीन पट्टी निदान पट्टीच्या रुंदीच्या दुप्पट लॅप देऊन चारही बाजूंनी वेल्ड करा, बोल्ट नको, वेल्ड थंड झाल्यावर बिटुमेन आणि टेप. खारपाणपट्टा आहे म्हणून पट्टी एक साइज जाड घ्या. न्यूट्रल ते प्रेस हॉल या दोघांमधे एक नवीन पट्टी जमिनीच्या वरून, केबल ट्रेच्या बाजूने टाका, तीच पुढे सगळ्यात भरवशाची राहील कारण ती डोळ्यांना दिसते. मग माती लोटायच्या आधी, खड्डा उघडा असतानाच, त्याच दोन रायझरमधे तेवढाच करंट परत सोडा, टाँग खाली लावून पाहा, आणि आधीच्या आकड्याशेजारी नवीन आकडा लिहा. तो जुळला तरच पेव्हर बसवायला माणूस बोलवा.